थंडीच्या पहाटे जुने वाहन सुरू का होत नाही ?



आपले केडगाव नगर शहराला लागून, पुण्याच्या वाटेवर वसलेले आहे. हा सर्व मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे पावसाळा सरला की हवा कोरडी होते, आणि दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. मार्गशीर्ष-पौषांत पहाटेचा पारा दहा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. अशा पहाटे कांद्याच्या गोणी भरून नेप्तीच्या बाजाराला निघालेला शेतकरी, दुधाच्या किटल्या घेऊन शहराकडे जाणारा गवळी, किंवा आजारी माणसाला दवाखान्यात नेऊ पाहणारा गृहस्थ, या सर्वांची वाट पुष्कळदा एकाच ठिकाणी अडते. घरचे जुने वाहन काही केल्या सुरू होत नाही. शेजारीपाजारी जमतात, धक्के मारतात, आणि अखेरीस सर्वांचे एकमत होते की, ‘थंडीने गाडी बिघडली.’

हे मत बरोबर आहे काय, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. हा विचार निरर्थक नव्हे. कारण चुकीचे धरले म्हणजे उपायही चुकीचा होतो; आज नवी बॅटरी, उद्या नवा सेल्फ असा पैसा खर्च होत राहतो, आणि तिसऱ्या पहाटे गाडी पुन्हा तशीच उभी राहते. ज्या घराची मीठभाकर त्या गाडीवर चालते, त्या घराला असा खर्च जड जातो.

थंडी : कारण की कसोटी ?

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या पहाटे आपली गाडी रुसते, त्याच पहाटे त्याच आळीतील दुसरी, कदाचित तितकीच जुनी गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू होते. थंडी दोघींना सारखीच. मग एक सुरू व्हावी व दुसरी होऊ नये, याचे कारण केवळ थंडी कसे असू शकेल ?

ज्या प्रदेशात थंडीच खरोखर शत्रू असते, तेथील स्थिती पाहिली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. लडाखमध्ये हिवाळ्यात साधे डिझेल घट्ट होऊन नळीतून वाहीनासे होते. त्यासाठी इंडियन ऑइल कंपनीने २०१९ सालच्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल तेथे विक्रीस आणले. आपल्या केडगावात दहा अंशांना डिझेल गोठत नाही, पेट्रोल गोठत नाही, आणि बॅटरीतील आम्लही गोठत नाही. निरोगी वाहन या थंडीत सुरू झालेच पाहिजे.

यावरून असे ठरते की, आपल्याकडील थंडी ही परीक्षकासारखी आहे. परीक्षा विद्यार्थ्याला नापास करीत नाही. न झालेला अभ्यास परीक्षेत उघडा पडतो, इतकेच. वाहनातील जो दोष उन्हाळ्यात कसाबसा झाकला जात होता, तोच पौषाच्या पहाटे उघडा पडतो. तो दोष नेमका कोठे आहे, हे शोधणे हे आपले काम होय.

एंजिनाला लागणाऱ्या चार गोष्टी

कोणतेही एंजिन सुरू होण्यास चार गोष्टी लागतात. पहिली, त्याला बाहेरून पुरेशा वेगाने फिरविणारी शक्ती. दुसरी, हवा व इंधन यांचे योग्य मिश्रण. तिसरी, त्या मिश्रणावर किंवा हवेवर सिलिंडरमध्ये पडणारा दाब. चौथी, ते पेटविणारी उष्णता. पेट्रोलच्या एंजिनात ही उष्णता प्लगच्या ठिणगीतून मिळते, तर डिझेलच्या एंजिनात दाबाने तापलेल्या हवेतूनच मिळते. या चारांपैकी एक जरी उणी पडली, तरी बाकीच्या तीन व्यर्थ होत.

नगरला वाहनांचे शहर म्हणावयास हरकत नाही. रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र १९४८ सालापासून येथे आहे, आणि १९९४ साली उघडलेले रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथील चाळीस-पन्नास टनांच्या धुडालाही या चार गोष्टी लागतात, आणि १९७२ साली बाजारात आलेल्या लूना या पन्नास सी.सी.च्या छोट्या गाडीलाही त्याच चार लागतात. ही लूना आपल्या नगरच्याच कायनेटिक कारखान्यातील. जुन्या लूनाला सेल्फ नाही. पायटे मारून ती सुरू करावयाची, आणि तिची ठिणगी चाकाबरोबर फिरणाऱ्या चुंबकापासून, म्हणजे मॅग्नेटोपासून निर्माण होते. म्हणून लूना सुरू झाली नाही तर बॅटरीला दोष देताच येत नाही. पायटे मारणारा धडधाकट असेल, तर पहिली गोष्ट सिद्ध झाली. शोध उरलेल्या तिघींतच घ्यावयाचा. जे निश्चित बरोबर आहे ते एकेक करून बाजूला काढीत जाणे, हीच दोष शोधण्याची खरी रीत होय.

थंडी कोठे कोठे पकड घेते ?

थंडीचा परिणाम चौघींवर निरनिराळ्या प्रकारे होतो. बॅटरीतील वीज ही रासायनिक क्रियेतून उत्पन्न होते, आणि थंडीत ती क्रिया मंदावते. शून्य अंशाला बॅटरीचा जोर उन्हाळ्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. आपल्या पहाटेला ही घट त्याहून कमी, पण असते खरी. याच वेळी एंजिनातील तेल थंडीने काकवीसारखे दाट होते, आणि एंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. म्हणजे देणाऱ्याची शक्ती कमी झाली असता मागणाऱ्याची मागणी वाढते. बहुतेक जुन्या गाड्या पहाटे अडतात त्या या दुहेरी पेचामुळे.

पेट्रोलचे पाहू. द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. थंडीत वाफ कमी होते. म्हणून जुन्या कार्बोरेटरला चोक दिलेला असतो. चोक ओढला म्हणजे हवेची वाट आवळली जाते, पेट्रोलाचे प्रमाण वाढते, आणि त्यातून पेटण्याइतकी वाफ मिळते.

डिझेलचा प्रकार निराळा आहे. डिझेलच्या एंजिनात हवा तिच्या मूळ जागेच्या साधारण विसाव्या हिश्शात कोंबली जाते, आणि तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते. आत शिरतानाच हवा वीस अंशांनी थंड असली, तर दाबानंतरच्या तापमानातील घट दुपटीहून अधिक होते. त्यात भोवतालचे लोखंडही गार, आणि एंजिन मंद फिरत असेल तर हवा निसटण्यास व निवण्यास अवकाशही अधिक. यासाठी पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत हीटर प्लग बसविलेले असतात. चावी फिरविताच सेल्फ न मारता काही सेकंद हीटर तापू देणे, हा त्या गाड्यांचा नियमच होय.

कानाने करावयाची परीक्षा

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. यास प्रथम हत्यार लागत नाही. कान व डोळे पुरतात. गाडीचे पुढचे दिवे लावावे आणि एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने दिव्यांकडे पाहावे.

दिवे लागतच नाहीत व सेल्फही हालत नाही, तर बॅटरी पार उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल निखळले आहे. दिवे लागतात, पण सेल्फ मारताच अगदी मंद होतात आणि ‘टिक् टिक्’ असा आवाज येतो किंवा एंजिन कण्हत फिरते, तर बॅटरी अशक्त झाली आहे किंवा एंजिन फार जड झाले आहे. दिवे जसेच्या तसे लखलखीत राहतात आणि काहीच घडत नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. दोष स्विच, सोलेनॉइड किंवा तारेत असावा. आणि एंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरीला निर्दोष सोडून द्यावे व इंधन आणि ठिणगी यांच्या मागे लागावे.

आणखी एक पुरावा असतो, त्याकडे बहुधा कोणी लक्ष देत नाही. धक्का मारताच गाडी सुरू झाली, तर लोक आनंदाने निघून जातात. वास्तविक त्या धक्क्याने एक मोठी साक्ष दिलेली असते : इंधन, दाब आणि पेटवण ही तिन्ही ठीक आहेत, दोष फिरविणाऱ्या शक्तीत आहे. ही साक्ष वहीत टिपून ठेवावी.

पेट्रोल गाडीचा शोध

एंजिन चांगले फिरत असून पेट्रोल गाडी पेट घेत नसेल, तर प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा व धुराड्याशी पेट्रोलचा वास नाही, तर पेट्रोल येतच नाही; टाकीची तोटी, गाळणी व कार्बोरेटरचे बारीक छिद्र तपासावे. प्लग ओला व वास उग्र, तर पेट्रोल येते पण पेटत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा चोक ओढणारा मनुष्य आगीवर पाणी ओततो असे म्हटले तरी चालेल. चोक बंद करावा, प्लग पुसून कोरडा करावा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून थोडा वेळ एंजिन फिरवावे म्हणजे साचलेले पेट्रोल निघून जाते.

दोन-आघाती लूनासारख्या गाडीत पेट्रोलातच तेल मिसळलेले असते. गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली की कार्बोरेटरमधील पेट्रोल उडून जाते व मागे तेलाचा चिकट अंश राहतो. तोच छिद्र बुजवितो. अशा गाडीची खोड थंडीत सुरू होत नसून, ती उभी राहिली त्या दिवशी सुरू झालेली असते.

ठिणगी पाहणे हे काम मोठ्या माणसाचे. सांडलेले पेट्रोल पुसून व प्लगचे भोक फडक्याने झाकून, प्लगचे लोखंड एंजिनाला टेकवून, रबरी मुठीच्या पक्कडीने धरून पाहावे. निळी, कडकडणारी ठिणगी उत्तम. पिवळसर व मलूल ठिणगी दाबाखाली विझते. बॅटरीवर चालणाऱ्या ठिणगीचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. सेल्फ जोर ओढीत असतो त्या क्षणी कॉइलला कमी व्होल्ट मिळतात, म्हणून अशक्त बॅटरीने ठिणगीही अशक्त होते. एका दोषाने दोन लक्षणे दाखविली, असे येथे होते.

डिझेल गाडीचा शोध

डिझेल गाडीत धूर हा उत्तम साक्षीदार आहे. एंजिन फिरत असता धुराड्यातून पांढरा धूर निघतो, तर डिझेल आत जात आहे पण जळत नाही. हीटर प्लग जळाले असावेत, किंवा पिस्टनच्या रिंगा व व्हॉल्व्ह झिजून दाब उणा पडला असावा. धूर मुळीच नाही, तर डिझेल पोहोचतच नाही. रात्रभर उभ्या गाडीत एखाद्या सैल जोडातून नळीत हवा शिरते, यास आपले मिस्त्री ‘एअर धरली’ असे म्हणतात. हातपंपाने दाब देऊन, गाळणीवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्यावे व स्क्रू आवळावा. परंतु ही हवा दररोज शिरत असेल, तर रोज हवा काढणे हा उपाय नव्हे. तो सैल जोड शोधून काढणे हाच उपाय.

एक उदाहरण

वरील रीत कशी चालवावी, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एक जुनी डिझेल जीप आहे. पहाटे दिवे चांगले लागतात, सेल्फ मारला असता फारसे मंदही होत नाहीत, पण एंजिन कण्हतच फिरते. मंडळी म्हणतात, ‘बॅटरी गेली, नवी आणा.’

मल्टिमीटर हे स्वस्त उपकरण आता पुष्कळ घरी असते. त्याने बॅटरी मोजली असता १२.५ व्होल्ट भरतात. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात व प्रत्येकात सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखविते, आणि १२.२ दाखविणारी जवळजवळ अर्धी रिकामी असते. तेव्हा ही बॅटरी भरलेली आहे. सेल्फ मारतानाही तिच्या टर्मिनलांवर ११ व्होल्ट टिकतात; १० च्या फार खाली गेले असते तर तिच्यावर संशय घेता आला असता. आता मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलावर व दुसरी एंजिनाच्या लोखंडावर टेकवून सेल्फ मारला, तर मीटर अर्ध्या व्होल्टहून कमी दाखवावयास हवा. तो दाखवितो ३ !

हे तीन व्होल्ट कोठे गेले ? एंजिनाला बॅटरीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ओहमच्या नियमाने हिशेब करा. गंजामुळे वाटेत केवळ ०.०२ ओहम इतका विरोध आला आहे. सेल्फ १५० अँपिअर ओढतो. १५० × ०.०२ = ३ व्होल्ट वाटेतच नष्ट. दिवा ओढतो ५ अँपिअर. त्याच वाटेने त्याची वीज गेली, तरी ५ × ०.०२ = ०.१ व्होल्ट, म्हणजे कोणाच्या डोळ्यांना दिसणारही नाही. ‘दिवा लागतो त्या अर्थी तारा ठीक आहेत’ हे अनुमान किती फसवे आहे, ते यावरून कळेल. हजारो रुपयांच्या बॅटरीऐवजी येथे कानस, पॉलिश-कागद व फार तर एक नवी पट्टी पुरेशी आहे.

आणि ही पट्टी काय त्या पहाटे गंजली ? नाही, ती आषाढातच गंजू लागली होती. तेल पातळ होते, बॅटरी जोरात होती, तोवर तीन व्होल्टची गळती खपून गेली. पौषाने हिशेब मागितला, तेव्हा तूट दिसली.

काय करू नये ?

सलग दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, एरवी सेल्फ जळतो व बॅटरीही संपते. एंजिनाखाली किंवा टाकीखाली जाळ करण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती जीवावर बेतणारी आहे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो स्फोटक असतो, म्हणून तिच्याजवळ काडी ओढू नये. दुसऱ्या बॅटरीची मदत घेताना धन टर्मिनले आधी जोडावी, आणि ऋण तारेचे शेवटचे टोक अडलेल्या गाडीच्या बॅटरीला न लावता तिच्या एंजिनाच्या लोखंडाला लावावे, म्हणजे ठिणगी पडली तरी बॅटरीपासून दूर पडते. गाडी सुरू झाल्यावर दारे लावलेल्या पडवीत ती चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतच गाठतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका वेळी दोन वस्तू बदलू नयेत. प्लग आणि कॉइल दोन्ही नव्या घातल्या व गाडी सुरू झाली, तर दोष कोणाचा होता हे कधीच कळत नाही, आणि निर्दोष वस्तू भंगारात जाते.

पालकांस विनंती

हिवाळा लागण्यापूर्वी एक रविवार गाडीसाठी द्यावा. टर्मिनलांवरील पांढरी-हिरवी पूड सोड्याच्या गरम पाण्याने धुवावी. तार सोडताना ऋण आधी सोडावी, लावताना ती शेवटी लावावी. आम्ल अंगावर उडू नये याची काळजी घ्यावी. बॅटरीत पाणी घालावयाचे ते डिस्टिल्डच. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच तेल घालावे. डब्यावरील ‘२० डब्ल्यू-४०’ यांतील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे सूचक असून, त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत पातळ राहते. आणि हे सर्व करताना मुलामुलींना जवळ उभे करावे, बॅटरीचा उजेड धरावयास सांगावे, आकडे वहीत लिहावयास लावावे. वर्गात शिकलेला ओहमचा नियम घरच्या गाडीत सापडला, म्हणजे तो जन्मात विसरत नाही.

शेवटी एवढेच की, अडलेल्या गाडीला शिव्या देणे सोपे, थंडीला बोल लावणे त्याहून सोपे. परंतु ‘हिला नेमके काय उणे पडले?’ असे शांतपणे विचारून एकेक साक्ष तपासणारा मनुष्यच बाजाराला वेळेवर पोहोचतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सेल्फने सुरू न होणारी पेट्रोल जीप धक्क्याने सुरू झाली. कोणत्या गोष्टी निर्दोष ठरल्या, आणि संशय कोणावर उरला ?

२. सेल्फ १२० अँपिअर ओढीत असता तारेत ०.०१ ओहम विरोध असेल, तर किती व्होल्ट वाया जातील ?

३. डिझेल गाडी जोरात फिरते, धूर मुळीच येत नाही. हीटर प्लग बदलणे योग्य होईल काय ? कारण द्या.

४. घरच्या वाहनाच्या बॅटरीचे व्होल्ट एक आठवडा पहाटे व दुपारी मोजून कोष्टक तयार करा, आणि त्यावरून काय दिसते ते चार ओळींत लिहा.